पानापलीकडचा सूर

ओफेलिया बेंतांकोर गेली सव्वीस वर्षं माँतेविदेओच्या आमच्या वाद्यवृंदात चेलो वाजवते. नव्या माणसाला मात्र ती पहिल्यांदा चेलोबद्दल काही सांगत नाही, थुंकीबद्दल सांगते. "बोटाला थुंकी लावून पान उलटणारा माणूस घरात घ्यायचा नाही."

तिला हे म्हणायचा अधिकार आहे. स्वरलिपीच्या एका स्टँडवर दोघं बसतात. प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो. आतल्याने पान संपत आलं की वाजवणं थांबवायचं, पान उलटायचं आणि पुन्हा सुरात शिरायचं. तिसऱ्या स्टँडवर ओफेलिया आत, आणि बाहेर वाल्देमार इतुर्राल्दे. तिच्याहून सात महिन्यांनी मोठा, मिशी रंगवणारा, खुर्ची आजोबांनी नावावर करून दिल्यासारखा बसणारा. त्यांच्या मागच्या स्टँडवर मी, त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं मला फुकटात ऐकायला मिळतं.

ती दुरास्नो गावच्या न्हाव्याची मुलगी. वाद्यवृंदाच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पडद्याआड इतक्या रागाने वाजवलं की परीक्षकांना वाटलं, आत कोणी धिप्पाड पुरुष आहे. पडदा सरकल्यावर त्यांची निराशा झाली, पण निकाल लागून गेला होता.

बहीण नोएमी दर कार्यक्रमाला बाल्कनीत असते. "मी वरून बघते ना. बाकीचे वाजवतात आणि तू मधेच वर्तमानपत्र चाळतेस."

"सिंफनी असते ती, नोएमी."

"असेल. पण पगारपत्रकावर 'पानवाली' लिहायला सांग."

हे तिला लागायचं, कारण एक सिंफनी आहे जी आम्ही दोन-तीन वर्षांनी एकदा वाजवतो. आमच्या प्रती जुन्या, छापणाऱ्याने कागद वाचवलेला. त्यात एका जागी आठही चेलो एकत्र चढत जातात, चढत जातात, आणि सगळ्यांत वरचा सूर नेमका पुढच्या पानावर. म्हणजे सगळे शिखरावर, आणि ओफेलियाचा हात कागदावर. अकरा कार्यक्रम झाले. तो सूर तिने सगळ्यांबरोबर एकदाही वाजवला नव्हता.

"घरी वाजवतेस की," वाल्देमार म्हणायचा, येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या कडू चहाचा, तुंबा तिच्याकडे सरकवत.

"घरी एकटीने वाजवायचा म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच टाळ्या." ती नळीने कडू घोट ओढायची. "एक दिवस खुर्ची बदल."

"माझा पाय. बाहेर लांबवता येतो. शिवाय तुझ्यासारखं पान कोणी उलटत नाही, असं मी सगळीकडे सांगतो."

"बायकोलाही सांगतोस का, तुझ्यासारखी भांडी कोणी घासत नाही म्हणून?"

"एकदा सांगितलं. जुना तुंबा तेव्हाच फुटला."

मे महिन्यात वाल्देमारच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर पट्टी, आणि बाहेरच्या खुर्चीवरून स्टँड येतो उजवीकडे. रजा घेणार नाही म्हणाला. मग एकच उपाय उरला, खुर्च्या बदलायच्या. आणि त्या महिन्यात तीच सिंफनी. ओफेलियाच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. हा सूर आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने नव्या तारा चढवल्या. नोएमीने केस सेट करून घेतले.

पहिली तालीम. चेलो चढत गेले, पान संपलं, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने ओफेलियाचा हात कोपऱ्याकडे गेला. वाल्देमारचाही गेला. कंडक्टरने सगळ्यांना थांबवलं.

"तिसऱ्या स्टँडवर काय, साखरपुडा चाललाय?"

"पान उलटतोय, माएस्त्रो," वाल्देमार म्हणाला.

"मग एकानेच उलटा."

दुसऱ्या तालमीत त्याने एका डोळ्याने अंदाज घेत दोन पानं उलटली. तिसऱ्या तालमीत बोटाला थुंकी लावली. दुसऱ्या दिवशी ओफेलिया टपाल कचेरीत असतो तसा ओला स्पंज डबीतून घेऊन आली, स्टँडवर ठेवला, आणि पानाचा कोपरा नखाने दुमडला.

"मात्रा मोजत बसू नकोस. हा कोपरा आधीच धरून ठेव. माझं कोपर वर गेलं की उलट."

"हे तू कुठे शिकलीस?"

"तुझ्या शेजारी."

शनिवारी संध्याकाळी चेलो चढायला लागले. मला मागून दिसत होतं, ओफेलियाने डावा अंगठा तारेवर असा रोवला होता की हात कुठे पळून जाऊ नये. कोपर वर गेलं. पान उलटलं, आवाज न करता. आणि तिने तो सूर वाजवला. किंचित चढा लागला असं मला वाटलं, पण ते मी तिला सांगणार नाही.

कार्यक्रमानंतर आम्ही आत चेलो पेट्यांत ठेवत होतो. नोएमी खाली आली. "आज वर्तमानपत्र या म्हाताऱ्याने चाळलं."

म्हातारा रुमालाने डोळा पुसत होता.

"दुखतोय का रे?" ओफेलियाने विचारलं.

"हा चांगला डोळा आहे." त्याने रुमालाची नीट घडी केली. "इतकी वर्षं तो सूर वाजवतोय, पण वाजवताना आपलाच चेलो कानात असतो. आज हात पानावर होता, तर बाकीचे सगळे ऐकू आले."

"मला दर वेळी येतात."

"मग कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू माझी खुर्ची मागितली असतीस."

जूनमध्ये पट्टी निघाली. पहिल्या तालमीला ओफेलिया आली, तर वाल्देमार आतल्या खुर्चीवर, पुढ्यात स्पंज.

"ऊठ. तो स्पंजही माझा आहे."

"माझा पाय," वाल्देमार म्हणाला.

"पाय बाहेर लांबवता येतो म्हणायचास."

"आता आत लांबतो."

ओफेलिया बाहेरच्या खुर्चीवर बसली, आणि त्याच्याकडे न बघता हात लांब करून पहिल्या पानाचा कोपरा दुमडून दिला.