केळीचे खुंट आणि न दिसणारे धागे

आमच्या लॅबमध्ये केळीच्या खुंटापासून नॅनोफायबर करतात. म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक धागे, आणि त्यांची जखमेवर लावायची पट्टी. संशोधन सावकाश चालतं. किस्से मात्र भराभर साठतात! चहाला बसलं की एक निघतो, आणि त्याच्या मागून चार.

आमचा इरफान गारगोटीचा. एकदा गावाकडून येताना एसटीत केळीचे दोन खुंट घेऊन चढला. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, लगीन कुणाचं हाय?"

"लगीन न्हाय, पीएचडी हाय माझी."

कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "मांडवाबिगर न्हाईत व्हय देत ती?"

अख्खी गाडी हसली!

माझे मामा कबनूरचे. सगळा जन्म यंत्रमागावर गेलेला. भाची धागे काढते म्हणून मोठ्या हौसेनं बघायला आले. मशीनमधला पांढरा पापुद्रा दाखवला, तर म्हणाले, "ही तर दुधावरची साय! धागा कुठाय?"

"मामा, नुसत्या डोळ्यांनी न्हाई दिसत त्यो."

"आनि तुटला तर गाठ कोण मारतंय?"

"तुटलेला बी दिसत न्हाई."

मामांनी सुस्कारा सोडला. "झ्याक हाय की तुमचं! मग मालक वरडणार कशावर?"

एका सोमवारी आलो, तर मशीन लख्ख! सफाईच्या मावशी अभिमानानं म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या पोरी, आनि मशीनमदी कोळिष्टकं! पुसून काढली समदी."

ते आमचं आठवडाभराचं सॅम्पल होतं. आम्ही सगळे आमच्या गाईड मॅडमकडं बघायला लागलो. मॅडमनी शांतपणे विचारलं, "मावशी, सहज निघालं का हो?"

"छ्या! लई चिवट! हात दुकून आलं."

मॅडमचा चेहरा उजळला. "चिवट? लिहून घ्या गं!"

आमच्या लॅबमधल्या वैशालीला बघायला पाहुणे येणार होते, तेही रविवारी. पण आमच्या पट्टीवर वाढवलेल्या सेल्सना रविवार कुठला? ती त्यांना खाद्य घालायला लॅबला पळाली. पाहुणे आले. 'सेल' म्हटलं तर बॅटरीचे वाटतील, म्हणून तिच्या आईनं शुद्ध मराठीत सांगितलं, "पेशींना खायला घालून येतेय."

मुलाच्या आजीला जरा कमी ऐकू यायचं. वैशाली दारात आल्या आल्या आजीनं विचारलं, "झालं का खायला घालून? किती हायत गं?"

वैशाली खुलली. "मोजता येत नाहीत, आजी! रोज दुप्पट होतात."

आजी मुलाकडं वळली. "म्हशींचं एवढं बघती! पोरगी पसंत हाय रं!"

आणि मॅडमचे वडील, आबा. तरुणपणी तालमीत घुमलेले. आता साखरेनं पायाची जखम भरत नव्हती. औषधं चालू होती, पण आबांचा जीव लेकीच्या पट्टीत अडकलेला. एक दिवस लंगडत थेट लॅबमध्ये आले.

"तू जखमंची पट्टी केलीयास म्हणं. आण हिकडं."

"आबा, अजून माणसांवर वापरायची परवानगी नाही."

"मग कुणावर लावतीस?"

"उंदरांवर."

आबा खुर्चीत टेकले. "म्हंजे उंदराला हाय, आनि बापाला न्हाय!"

आम्हाला हसू आलं, पण मॅडमचे डोळे भरलेले बघून कुणी हसलं नाही. त्या खाली बसल्या आणि साध्या गॉजनं त्यांनी आबांचा पाय स्वतः बांधला.

त्या दिवसापासून रोज दुपारी आबांचा फोन. स्वतःच्या पायाचं अवाक्षर नाही. "उंदराचं कसं हाय?"

अखेर उंदराची जखम भरली. मॅडमनी फोन करून सांगितलं. आबा फक्त "शाब्बास!" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात हजर. लंगडणं बरंच कमी झालेलं, हातात किटली. झाकण उघडलं, तर बदामाची थंडाई!

मॅडम घाबरल्या. "आबा, साखर आहे ना तुम्हाला? हे कशाला?"

"मला न्हाय गं," आबा आत बघत म्हणाले, "पैलवान कुठं हाय तुमचा?"