दाबू नको, रोव

अण्णा जाऊन आज वर्ष झालं, आणि आज दुपारी त्यांचा कॉम्प्युटर उठून बसला!

लगेच घाईघाईत लिहायला बसलोय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

अण्णा म्हणजे मोहाडीचे विणकर. हातमागावर टसरच्या साड्या विणायचे आणि मागाशेजारीच लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. धागा तुटो की सिस्टम उडो, माणूस खूश.

मी शेजारच्या करडी गावचा, बारावीत दोनदा आपटलेला. अण्णांकडे एक ऑनलाइन फॉर्म भरायला गेलो, तो तिथंच रमलो. मधेच आठवडी बाजारात भजी खायला पळायचो. काय भजी होती ती... असो.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "चालू कर न् F12 दाब. बूट मेनू येते, मशीन कशावरून उठवाची ते निवडाले."

मी बटण दाबून धरलं. टीं टीं टीं! कीबोर्ड एरर.

"काहून बे, म्हशीचं शेपूट हाये का ते, धरून बसला?"

"तुमीच म्हणलं ना अण्णा, दाब!"

"तुही माय वावराच्या बांधीत धानाचा रोवणा कसा करते?"

"एकेक पऱ्हा, एकेक रोप चिखलात. टुक, टुक, टुक."

"मंग तसंच. दाबू नको, रोव!"

रोवलं. मेनू आला! मी खोलीभर नाचलो.

मग त्यांनी रेस्क्यू सीडी दाखवली. साडीच्या चिंधीत गुंडाळलेली.

"मशीन सीडीवरून उठवली का हार्ड डिस्कले धक्का लागत नाही. घरात पुराचं पाणी घुसलं तं पहिले धान काढा लागते. भिंत मंग."

मी मात्र कुठं टिकतोय. सुरत, रायपूर, गोवा. अण्णा गेले तेव्हा गोव्यात एका हॉटेलात होतो.

तेरवीलाही आलो नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, वनिताताईचा फोन आला. तिनं अण्णांचा माग परत लावलाय, ताण्याचे उभे धागे चढवलेत. पण साडीच्या काठांच्या नक्षीचे सगळे ग्राफ अण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये. कागद वाळवीनं खाल्ले. आणि स्क्रीन काळी!

"सगळे म्हणून राहिले, फॉर्मॅट मार."

म्हणजे होतं नव्हतं ते सगळं साफ! म्हटलं, "ताई, कोणाले हात लावू देऊ नको. आलोच."

तर आज. घरात वर्षश्राद्धाची पंगत, आणि मी कोपऱ्यात अण्णांच्या खुर्चीवर.

कॉम्प्युटर चालू केला. F12 दाबून धरलं.

टीं टीं टीं!

मागून वरणाचा डाव हातात घेऊन ताई ओरडली, "अबे, रोव ना!"

अख्खी पंगत हसली.

टुक, टुक, टुक. मेनू आला!

समोर दोन रस्ते. एक, हार्ड डिस्कवरचा रिपेअर. दुसरा, सीडी. माझं बोट आपलं रिपेअरकडंच निघालं, एका झटक्यात मोकळं व्हायचं ना. तेवढ्यात अण्णांची ती सीडी आठवली, कॉम्प्युटरशेजारीच होती. चिंधी सोडली. सीडीवर मार्करनं अण्णांचं अक्षर:

"आधी धान."

गप सीडी घातली. ड्राइव्ह घरघरला. थांबला. परत घरघरला. आणि रंगीत डेस्कटॉप! आत हार्ड डिस्क दिसली! तिच्यात "काठ" नावाचा फोल्डर!

सगळा पेन ड्राइव्हवर घेतला, मगच श्वास सोडला.

फायलींची नावं ऐका: "काठ फायनल". "काठ फायनल खरा". "काठ आता नक्की".

ताई खो खो हसली. मग स्क्रीनवरच्या लाल-काळ्या चौकोनांवर बोट फिरवत राहिली. एकेक घर मोजत. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं आकडे चालूच.

"उद्या सकाळी माग चालू करीन," म्हणाली. "तू हायेस का, का निघाला?"

अण्णा, धान निघालं.

भिंत बाकी आहे, कॉम्प्युटर अजून स्वतःच्या पायावर उठत नाही. उद्या बसतो त्याच्याजवळ.

या वेळी पळत नाही.

तुमच्या खुर्चीवरून, तुम्हाला मनापासून नमस्कार.