आधी बस, मग रड

"आदी बस. पानी पी. मग रड की निवांत."

घरात रडत आलेल्या कुठल्याही पोराला बाईंचं हे पहिलं वाक्य. काय झालं, कुणी मारलं, हे सगळं नंतर. पोर पाणी प्यायचं, हुंदके देत इकडंतिकडं बघायचं आणि पुष्कळदा रडायचंच विसरायचं. मग बाई म्हणायच्या, "आता रड की! येळ काडून बसलोय मी."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी बसलो’ असं बोलतात, हे तुम्ही ऐकलं असेलच. बाई त्यात पक्क्या. सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या छोट्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवायला आल्या. लहानांचा वर्ग माझा, मोठ्यांचा त्यांचा. पांढरी साडी, पायात पुरुषी सँडल आणि माईकची गरज नसलेला आवाज.

प्रार्थनेच्या वेळी त्या मुलांना डोळे मिटायला लावायच्या आणि स्वतःचे मात्र टक्क उघडे ठेवायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देवाकडं बगायला तुमी समदी हाईसा. पोरांकडं कोन बगनार?"

असं बघतानाच एकदा त्यांना मान खाली घातलेल्या एका पोराच्या कॉलरखाली, पाठीवर वळ दिसले. जाब विचारला तर त्याचे वडील ठसक्यात म्हणाले, "शिस्त लावायला नको का, बाई? शास्त्रातच काठीचं सांगितलंय."

"मेंढपाळाची काठी लांडग्यासाठी असतीया, मेंढरासाठी न्हाय," बाई म्हणाल्या. "एवढं कळत नसंल तर शास्त्र मिटून ठेवा."

त्या माणसानं बाईंशी बोलणं टाकलं. पण वळ परत दिसले नाहीत. बाई दर रविवारी पोराचा शर्ट वर करून खात्री करायच्याच.

आता त्या मुलीबद्दल सांगते. तिचं नाव मी लिहिणार नाही. नववीतली पोर, वडील नाहीत, आई शिवणकाम करणारी. वर्गात प्रश्न विचारून बाईंना भंडावून सोडायची. ती हळूहळू गप्प झाली. बाकाच्या टोकाला, भिंतीला चिकटून बसायला लागली. आम्ही म्हणालो, वयात येतेय, लाजत असेल.

"लाजलेली पोरगी निराळी दिसती," बाई म्हणाल्या. "ही भ्यालीया."

एका दुपारी त्यांनी तिला शेंगा फोडायला म्हणून घरी बोलावलं. शेंगा फोडता फोडता पोरगी बोलली. चर्चच्या पंच कमिटीतले एक गृहस्थ मुलांना गिटार शिकवायचे. त्यांच्या प्रार्थनेनं लोकांचे डोळे भरून यायचे, इतका त्यांचा मान. त्यांनी शिकवणीच्या खोलीत या पोरीशी काय केलं, ते ती बोलली. बाईंचा निरोप आला म्हणून मी पोचले तेव्हा ती बाईंच्या कॉटवर गाढ झोपली होती आणि बाई स्वयंपाकघरात, तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी मुलीच्या आईला घेऊन त्या पोलिसांत गेल्या. दुसऱ्या दिवशी एक महिला अधिकारी साध्या कपड्यांत मुलीच्या घरी आली आणि तिचा जबाब घेऊन गेली.

कमिटीनं तातडीची सभा बोलावली. संडे स्कूलच्या म्हणून आम्हा दोघींनाही बोलावलं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, तरुण, घाबरलेले. कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ पंच म्हणाले, "बाई, मंडळीची, आपल्या चर्चची बदनामी होतेय. तक्रार मागं घ्या. त्यांना पश्चात्ताप झालाय. क्षमा हीच आपली शिकवण ना?"

बाई उठल्या. "सोसलं पोरीनं आनि माफी देनार तुमी? ती देईल तवा देईल, न देईना का. तवर त्यानं कोडतात उभं ऱ्हावं. आनि बदनामी कुनाची? ह्या भिंतींची? येशू भिंतींसाठी मेला न्हाय."

सभा तिथंच संपली. पण त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाईंच्या बाकावर कुणी बसेना. चर्च फोडायला निघालीय म्हातारी, असं लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. मी शेजारी बसायचे, पण बाक लांबलचक होता. एकदा बाहेर पडताना हळूच म्हणाल्या, "चुकलो असं वाटत न्हाय गं. पर एकटं वाटतंय."

आणि मग एका रविवारी पाळकसाहेब उपदेश बाजूला ठेवून पुढं आले. कुणाचं नाव न घेता ते म्हणाले, "एका लेकराला आपल्या छपराखाली इजा झाली आणि आपण छपराची काळजी केली. मी त्या घराची माफी मागतो." मागं कुणीतरी उठून निघून गेलं. पण त्याच आठवड्यात आणखी दोन आया आपापल्या मुलींना घेऊन बाईंच्या दारात आल्या. बाईंनी त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं.

खटला रेंगाळला. प्रत्येक तारखेला बाई मुलीसोबत जायच्या. मुलीची साक्ष झाली त्या दिवशी मीही होते. मधे पडदा होता, पलीकडं ते गृहस्थ. पोरगी अडखळली, थांबली, पण सगळं बोलली. परतताना आम्ही रंकाळा तलावावर भेळ घेतली आणि कठड्यावर बसलो. खाता खाता तिनं विचारलं, "बाई, तेव्हा देव कुठं होता?"

बाईंनी भेळेची पुडी कठड्यावर ठेवली.

"म्हाईत न्हाय, बाळ," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात लेकरं जाताना बगितली, तवाबी मी हेच इचारलं. उत्तर न्हाय मिळालं. पर एवढं जानतो, देव त्या मानसाच्या बाजूला नव्हता. तुज्या बाजूला होता, तुज्यासंगं सोसत. येशूलाबी एकदा असंच धरलं हुतं, आनि तवाबी शानी मानसं गप बसली हुती."

पोरगी म्हणाली, "मग तुम्ही का नाही गप्प बसला?"

"मला गप बसाया येतंय व्हय?"

पोरगी खुदकन हसली. किती दिवसांनी, ते तिच्या आईला विचारा.

त्या गृहस्थांना शिक्षा झाली. संडे स्कूलच्या खोल्यांच्या दारांना आता काचा आहेत आणि कुठल्याही वर्गात दोन शिक्षक असतात. मुलगी कॉलेजात शिकतेय. देवावरचा तिचा राग पुरता गेलेला नाही, हे ती सरळ सांगते. बाईंना ते चालायचं. "रागावती म्हंजे बोलती की त्येच्याशी," म्हणायच्या.

बाई मागच्या पावसाळ्यात वारल्या. पण मला आठवतात त्या दसरा चौकातल्या. मुलगी नुकतीच मोपेड शिकली होती आणि बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन चालली होती. बाई मागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, पांढऱ्या पदरावर हेल्मेट, दोन्ही हातांनी पोरीची कंबर गच्च धरलेली. सिग्नल सुटला. पुढची रिक्षा हलेना. तशा बाई चौकभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ओ पावनं, वाट द्या की! पोरगीला फुडं जायाचं हाय!"

रिक्षावाल्यानं दचकून रिक्षा बाजूला घेतली. मोपेड थोडी डगमगली, सावरली आणि दोघी पुढं निघून गेल्या.