पोलंडच्या पुस्तकातली कोरांटी

माझ्या प्रोफेसरांच्या तेराव्याला मी दोनदा जिलबी मागून घेतली. पंगतीतल्यांना वाटलं, जुना माणूस, दुःखातही घरच्यांचं मन राखतोय. दुःख कसलं? ज्या माणसानं माझी बेचाळीस चित्रं स्वतःच्या नावावर खपवली, त्याच्या नावानं निदान पोटभर जेवावं एवढाच माझा हेतू होता. क्षमा केली की माणूस मोठा होतो म्हणतात. मग मी लहानच राहिलो म्हणायचं.

लढाईचे दिवस होते. मी रहिमतपूरचा, हात चित्रात बरा, म्हणून सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या वर्गांसाठी तक्ते काढायला लागलो होतो. नोकरी तात्पुरती. दर जूनला प्रोफेसरांनी सही केली तर पुढं चालायची. त्याच सुमारास कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली, आणि तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या एक वयस्क बाई आमचा सूक्ष्मदर्शक वापरायला आगगाडीनं सांगलीला येऊ लागल्या. आपल्या देशात त्या विद्यापीठात शिकवत. त्यांचं घर, पुस्तकं, वर्षानुवर्षं वाळवून ठेवलेली झाडं, सगळं लढाईत गेलं होतं. तरी बाई हात जोडून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. इथं अडकलोच आहोत तर कृष्णाकाठची औषधी झाडं आणि लोक ती कशाला वापरतात यावर पुस्तक लिहू, देश सुटला की तिकडं छापू, असं त्यांनी ठरवलं. चित्रं आणि माहिती मी पुरवतो, असं आमचे प्रोफेसर लगेच म्हणाले. पुरवणार होतो मी, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

माहिती कुठून आणायची? दिवाळीनंतर आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरायचे. शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरं आपापल्या रानात बसवून घ्यायचे. त्यांच्यात एक म्हातारी होती. मेंढरू फुगलं, लंगडलं, व्यालेलीला पान्हा सुटेना, की सगळे तिच्याकडं यायचे. मी दोन हिवाळे तिच्या मागं हिंडलो. ती काठीनं झाड दाखवायची, उपयोग सांगायची, मी बांधावर बसून चित्र काढायचो आणि वहीत टिपून घ्यायचो. तरवड, माका, गुळवेल, दगडीपाला. मेंढराच्या पोटफुगीवर तिनं कोरांटी सांगितली, आणि कोरांटीचं माझं चित्र बेचाळिसांत सर्वांत देखणं उतरलं. काटे मी भिंगाखाली धरून काढले होते. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव घातलं. पोलंडात छापलेल्या शास्त्रीय पुस्तकात रहिमतपूरच्या माणसाचं नाव येणार, या एका गोष्टीवर मी तेव्हा जगत होतो.

एका दुपारी प्रयोगशाळेत शिरलो तर प्रोफेसर टेबलाशी उभे राहून कात्रीनं माझ्या चित्रांच्या कडा कापत होते. कडा नीट नको का करायला, म्हणाले. जमिनीवर पट्ट्या पडल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांवर माझं नाव होतं. मी बघतोय हे बघूनही त्यांचा हात थांबला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी साक्षात पाहिला. मी मूग गिळून गप्प बसलो. जून जवळ आला होता.

पुढच्या हिवाळ्यात मी म्हातारीकडं गेलो तो काही विचारायला नव्हे, नुसता जाऊन बसलो. तेवढ्यात एक मेंढी फुगली. म्हातारी उठली, ओढ्याकडं गेली आणि पाला घेऊन आली. तो कोरांटीचा नव्हता. तिनं तो ठेचून मेंढीच्या तोंडात पिळला आणि तासाभरात मेंढी चरायला लागली. मी विचारलं तेव्हा ती हसली. म्हणाली, आदल्या सांजेला झाडाला हळदतांदूळ वाहून आवतन द्यायचं, दुसऱ्या दिवशी मुक्यानं पाला तोडायचा, आणि नाव कुणाला म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की हाताचा गुण जातो. ओढ्याकाठच्या त्या झाडाला ती इथं पोचल्यापासून रोज आवतन देऊन ठेवत होती, कधी लागेल नेम नाही म्हणून. बाकीची एक्केचाळीस झाडं बायाबापड्यांनाही ठाऊक असलेली, ती सांगायला हरकत नव्हती. हे एक तिचं होतं, म्हणून मला कोरांटी सांगून वाटेला लावलं होतं. मी बघितलं होतं म्हणून तिनं माझा हात देवाच्या भंडाऱ्यावर ठेवून घेतला आणि तोंड उघडणार नाही असं वदवून घेतलं.

मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला, आणि तो चांगल्या माणसाला होतो तसला नव्हता. प्रोफेसरांच्या नावानं पुस्तकात एक धडधडीत खोटं जाणार होतं, आणि ते मला एकट्याला माहीत होतं.

छावणी मोडायच्या बेतात आली तेव्हा बाई निरोप घ्यायला आल्या. चित्रांची चळत त्यांनी कापडात बांधली होती. प्रोफेसर शेजारीच होते. बाईंनी दोघांकडं बघून मोडक्या इंग्रजीत विचारलं की कुठं काही शंका असेल तर आत्ताच सांगा, तिकडं गेल्यावर मला ही झाडं पुन्हा बघायला मिळणार नाहीत. मी म्हणालो, सगळं बरोबर आहे. लढाईत सर्वस्व गेलेल्या बाईच्या पुस्तकात मी जाणूनबुजून चूक जाऊ देत होतो, हे मला पक्कं कळत होतं. पण तक्रार केली असती तर प्रोफेसरांनी दिलगिरीचे दोन शब्द बोलून मला चहा पाजला असता आणि विषय मिटला असता. मला मिटवायचा नव्हता. चारचौघांत उट्टं काढायचं होतं.

दीड-दोन वर्षांनी पोलंडहून कॉलेजला एक खोकं आलं. बाईंनी तिकडच्या विद्वानांना सांगून नवी छापलेली शास्त्रीय पुस्तकं भेट पाठवली होती. खाणींवरचं एक, कायद्याचं एक, गणिताचं, हाडांच्या रोगांचं, संस्कृत व्याकरणाचं, आणि आमचं. कागद भुरकट, बांधणी साधी, पण देश उद्ध्वस्त झाल्यावर चारपाच वर्षांत एवढ्या विषयांवर पुस्तकं काढणारे लोक कसले असतील, असं सगळ्यांच्या मनात आलं. वाचता एकालाही येईना. तरी प्राचार्यांनी वाचनालयात प्रदर्शन मांडलं, आणि जो तो विभागप्रमुख आपल्या पुस्तकाशेजारी उभा राहून माहिती सांगू लागला. कायद्याच्या सरांनी अर्धा तास ज्या पुस्तकाची महती सांगितली ते खाणींचं निघालं. शेवटच्या पानावर घडीचा नकाशा होता.

आमच्या पुस्तकात प्रत्येक चित्राखाली प्रोफेसरांचं नाव छापलेलं होतं. मी ते बेचाळीस वेळा वाचलं. मग सायकल काढून मेंढरं कुठं बसलीत ते शोधलं आणि दुसऱ्या दिवशी म्हातारीला घेऊन आलो. काय काम आहे ते वाटेत अर्धवटच सांगितलं.

प्रदर्शनाला प्राचार्य, गावातले वकील, डॉक्टर, पोरं, सगळी जमली होती. मी उभा राहिलो. ही चित्रं माझी आहेत, सरांची नाहीत, म्हणालो. प्रोफेसर शांतपणे म्हणाले की मदत अनेकांची होते. मग मी कोरांटीचं पान उघडलं. हे सरांनी स्वतः केलेलं काम असेल तर त्यांना ठाऊक असायला हवं की हा पाला पोटफुगीचा नाही, असं मी मोठ्यानं सांगितलं, आणि ज्यांनी माहिती दिली त्या आजी इथं उभ्या आहेत, त्यांनाच विचारा, म्हणालो. प्रोफेसरांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तेवढ्या एका क्षणासाठी मी इतकी वर्षं दातओठ खात होतो.

डॉक्टरांनी म्हातारीला पुढं बोलावून विचारलं, आणि हा नाही तर मग खरा कुठला, हेही विचारलं. तिनं चित्र बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्योच पाला हाय," ती म्हणाली. "दुसरा कुठला न्हाई."

कुणीतरी हसलं. प्रोफेसरांनी मला बसून घ्यायला सांगितलं, अगदी मायेनं. असा तोंडघशी मी आयुष्यात पडलो नाही. त्या जूनला सही झाली नाही आणि मी कराडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला गेलो.

त्या दिवशी वाचनालयाच्या पायऱ्यांवर मात्र मी म्हातारीवर तुटून पडलो. तुम्ही खोटं बोललात, माझा घात केलात, त्या माणसानं माझं नाव खाल्लं आणि तुम्ही त्याला वाचवलंत, असं बरंच बोललो. ती ऐकून घेत होती.

"एवढ्या मान्सांत माजं औषद उघडं करून तुजा डाव साधायचा व्हता व्हय?" ती म्हणाली. "भंडाऱ्यावर हात ठिवला व्हतास."

मी म्हणालो, खरं झाड मी कुठं सांगत होतो?

"त्यो डागदर इचारल्याबिगर ऱ्हायला का? आन् त्यानं तुजं नाव खाल्लं म्हनतोस, मास्तरा. तुज्या वहीत माजं नाव हाय का?"

वही माझ्या पिशवीतच होती. तीत पानोपानी एकच नोंद होती, 'धनगर म्हातारीकडून'. ती पदर खोचून मेंढरांच्या दिशेनं चालू लागली.

प्रोफेसरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिचं मला माहीत नाही. दोन हिवाळे तिच्या मागं हिंडलो, तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि ते विचारायचं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.