ओपलच्या वजनाचे पाटे

बेकर्सफील्डमध्ये ट्रकच्या स्प्रिंगा दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात हार्लन प्रुइट आणि मी सव्वीस वर्षं समोरासमोरच्या ऐरणींवर काम केलं. मोडके पाटे, म्हणजे स्प्रिंगेतल्या एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या, यायचे. ते तापवायचे, वळवायचे, तेलात विझवायचे आणि पुन्हा एकावर एक बांधायचे. हार्लन घाव मोजून घालायचा. बारा लागणार असतील तर तेरावा घालायचा नाही. तेरावा घाव माणूस स्वतःच्या समाधानासाठी घालतो, पाट्याला तो नको असतो, असं त्याचं म्हणणं.

तो ओक्लाहोमाहून आलेला. त्याची बायको ओपल त्याला एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर भेटली. जुन्या फोर्डचे पत्रे उतरवायचे, इंजिनावर मेहनत घ्यायची आणि त्या पांढऱ्या सपाटीवर गाडी किती पळते ते बघायचं, हा आमचा त्या काळचा नाद. ओपल घड्याळ लावून बसायची. हार्लनने ताशी एकशे चार मैलांचा वेग गाठला असं सगळे ओरडत होते. ओपल म्हणाली, एकशे तीन. त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि चार महिन्यांनी लग्न. एक मैल फुकट न देणारी बाई घरात असलेली बरी, असं हार्लन सांगायचा.

मूल झालं नाही. शेडमध्ये चौतीस सालची एक फोर्ड कूपे, दोन माणसांची गाडी, होती. दोघांनी मिळून ती अकरा वर्षं बांधली. इंजिन झालं, पुढचा भाग झाला. मागचं राहिलं होतं.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात ओपलचा आजार पाठीच्या हाडांत उतरला. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत सांगितली. तिने एकच गोष्ट मागितली. मेमधल्या पहिल्या शर्यतीला तळ्यावर जायचं, आणि तेही आपल्या गाडीतून.

त्या फोर्डला मागे एकच आडवी स्प्रिंग असते. गाडी तिच्यावर डोलते. हार्लनने ती काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना, गाडीच्या लांबीच्या दिशेने, लांब पाट्यांच्या स्प्रिंगा बसवायला घेतल्या. पाटे त्याने स्वतः वळवले, एकेका बाजूला सात. पुढचं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पक्कं, मागचं टोक लोंबत्या कडीत, कारण भार आला की पाटा लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते. मध्ये मागच्या चाकांचा ॲक्सल. ज्या बैठकीवर ॲक्सल पाट्यांना बांधला जातो, ती बैठक आधी वेल्डिंगच्या एकदोन टाक्यांवर नुसती धरायची. पुरं वेल्डिंग नाही. कोणताही बोल्ट शेवटपर्यंत आवळायचा नाही.

आधी गाडी चाकांवर उभी करायची. टाकीत पेट्रोल भरायचं. बसणाऱ्या माणसांच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवायची. मग उंची मोजायची, पाटे कमीजास्त करायचे, ॲक्सलचा कोन लावायचा, आणि मगच वेल्डिंग. आमच्यातला प्रत्येक जण असंच करतो. रिकाम्या गाडीवर आवळलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीलाच शोभते.

हार्लनने पोती भरली. स्वतःचं एकशे ऐंशी पौंडांचं. ओपलचं दीडशेचं. मागच्या डिकीत आणखी चार.

मी विचारलं, जरा जास्त होत नाही का?

"तंबू आहे, बर्फाची पेटी आहे, पाण्याचे कॅन आहेत," तो म्हणाला. "ओपल कधी हात हलवत गेलीय का तिथे?"

आदल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मी ओपलचा दंड धरला होता. बाहीच्या आत हाड तेवढं लागलं. हे मला तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला पाना दिला.

वेल्डिंग झालं. काम नजर लागावी असं होतं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे ते निघाले. मागून माझा पिकअप होता. त्यांच्या डिकीत फक्त एक चादर आणि थर्मास होता. तंबू कोण लावणार होतं? डोंगराचा चढ लागायच्या अलीकडे रेल्वेचे रूळ ओलांडताना पाटे दबलेच नाहीत, कूपेची शेपटी उडाली आणि दाणकन खाली आली. हार्लनने वेग आणखी कमी केला. पुढच्या खड्ड्यात तेच. मग गाडी कडेला थांबली.

मी खिडकीशी गेलो. ओपलच्या खालच्या ओठावर रक्त होतं, दात रुतल्याचं. हार्लन समोर बघत होता.

"किती वजन धरलं होतंस?" तिने विचारलं.

"दीडशे. आणि सामान."

"दीडशे पौंडांची ही कोण बाई रे? ओळख तरी करून द्यायचीस."

तो हसला नाही. ती थोडी हसली, मग पाठीने हसू दिलं नाही.

"विचारायचं होतंस, हार्लन. मी सांगितलं असतं."

गाडी तिथून माघारी वळली. सव्वीस मैल झाले होते, नव्वदच्या वर राहिले होते.

सोमवारी तो वजनकाटा घेऊन तिच्या खोलीत गेला. आकडा तिनेच वाचला. अठ्ठ्याऐंशी.

त्याने वेल्डिंग कापलं. दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले, उरलेल्यांची कमान पुन्हा वळवली, टोकं घासून पातळ केली आणि मध्ये ग्रीस भरलं. पाटे कमी झाल्यावर उंची बदलते, उंची बदलली की कोनही बदलतो, म्हणजे सगळं पहिल्यापासून. आम्ही तीन संध्याकाळी काम केलं. अठ्ठ्याऐंशी पौंडांचं पोतं त्याने एकट्याने उचललं आणि सीटवर हळूच टेकवलं. डिकी रिकामी ठेवली.

शनिवारी शेजारची बाई आणि मी ओपलला खुर्चीसकट बाहेर आणलं आणि उशी लावून गाडीत बसवलं. तिने सांगितलं, आज लांब नको, इथेच बसू. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ या का, हार्लनने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

त्याने इंजिन चालू केलं, मागे गेला, दोन्ही तळहात शेपटीवर ठेवून दाबले आणि सोडले. गाडी खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा दाबली. असं वीसेक मिनिटं चाललं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी पुढे झालो तर त्याने मला कोपराने बाजूला सारलं.

"आता बरोबर आहे," ओपल म्हणाली. मग तिला आत न्यावं लागलं.

त्यानंतर ती खाटेवरून उठली नाही. अकराव्या दिवशी गेली.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी हार्लन कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाट्यांच्या ढिगावर बसलो होतो. मी म्हणालो, ती पोती भरलीस तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला दिसत होतं.

"बोलला असतास तर मी तुला शेडमधून हाकलला असता," तो म्हणाला. सँडविच कागदात परत गुंडाळलं. "मलाही दिसत होतं. रोज मीच उचलत होतो तिला. हातांना कळत होतं किती आहे ते. पण पोतं तेवढं भरलं असतं, तर ती किती उरलीय ते तिथे सीटवर दिसलं असतं."

भोंगा वाजला. तो उठला आणि भट्टीकडे गेला.