वॉल्टरचा हार्निया

उत्तनचा वॉल्टर कॉर्नेट वाजवतो, आणि वाजवत नसतो तेव्हा रुसलेला असतो. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. वीस वर्षांपूर्वी एका लग्नात यजमानाने बँडवाल्यांना मंडपामागे, भांडी घासायच्या जागेशेजारी जेवायला बसवलं. वॉल्टरच्या सांगण्यावरून सातही जण वाद्यं मांडीवर ठेवून बसले. नवरा-नवरी दारात ताटकळली, फोटोग्राफरला घाम फुटला आणि दहाव्या मिनिटाला मंडपात सात खुर्च्या आल्या. न वाजवणं हे वाजवणाऱ्याचं सगळ्यांत मोठं हत्यार, हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो ते जरा जास्तच वेळा उपसतो.

गेल्या वर्षी त्याच्या बँडला इस्रायलमधल्या एका संगीत महोत्सवाचं आमंत्रण आलं. तिथल्या सरकारच्या खर्चाने विमान, हॉटेल, वर जेरुसलेम-दर्शन. बँडमधली पोरं नाचायला लागली. वॉल्टर रुसला.

"पॅलेस्टाइनचे कलाकार सांगतायत, या सरकारच्या मांडवात वाजवू नका. गाझात पोरं मरतायत. बेथलेहेमच्या माणसाला जेरुसलेमला जायला परवाना लागतो, आणि मी उत्तनवरून फुकटात जायाचं? न्हाय."

हे कोण म्हणतंय? ज्याची बायको लुईझा पवित्र भूमी पाहायची म्हणून तीस वर्षं पासपोर्ट नवा करत आलीय, तो.

नाक्यावरच्या क्रूसावर हात ठेवून सातही जणांनी न जाण्याची शपथ घेतली. वॉल्टरने डिक्शनरी घेऊन तीन संध्याकाळी इंग्रजीत नकाराचं पत्र लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि ईमेल करायला रॉनीकडे दिलं. रॉनी त्याचा भाचा. त्याला कॉर्नेट शिकवलं वॉल्टरनेच.

महिन्याभराने पोरं गोव्याला निघाली. "छोटं लग्न हाय, अंकल. तुला कशाला दगदग," रॉनी म्हणाला. वॉल्टरला भरून आलं. पोरगं काळजी घेतंय!

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सात फादर म्हणाले, "पवित्र भूमीत वाजवायला गेलेल्या आपल्या सहा जणांसाठी, आणि हार्नियामुळे जाऊ न शकलेल्या वॉल्टरसाठी प्रार्थना करूया."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," वॉल्टरही सगळ्यांबरोबर म्हणून गेला. मग त्याला कळलं.

संध्याकाळपर्यंत घरात चार डझन केळी जमली. शेजारी त्याला खुर्चीही उचलू देईनात. त्याने रॉनीला व्हिडिओ कॉल लावला.

"पत्राचं काय केलंस?"

"पाठवलं ना, अंकल. जरा बदलून."

"काय बदललंस?"

"तू आजारी हायेस, आम्ही सहा येतो, असं." रॉनीमागे रंगीत दिवे लुकलुकत होते. "सगळ्यांनाच यायचं होतं. तुझ्यासमोर बोलायची हिंमत कोणाची?"

"पण हार्निया?"

स्वयंपाकघरातून लुईझा म्हणाली, "तो मी सांगितला. ताप सांगितला असता तर तू दोन दिवसांत बरा झाला असतास."

वॉल्टरने फोन टेबलावर पालथा घातला.

"मी न्हाय तर न्हाय," ती म्हणाली, "माझी रोझरीची माळ तरी येशूच्या थडग्याला लागून येऊ दे म्हटलं. रॉनीकडे दिलीय."

"जायाचं तर जा म्हणालो असतो मी! शिव्या दिल्या असत्या, पण जा म्हणालो असतो. माझा नकार तेवढा पोचवायचा होता. आता तिथं काय समजतायत? वॉल्टरला यायचं होतं, बिचाऱ्याला जमलं न्हाय! लुईझा, माझ्या नावाने तुम्ही हो म्हटलंत."

लुईझाने केळ्यांवर फडकं झाकलं. त्या दिवशी दोघांचं एवढंच बोलणं झालं.

वॉल्टर फादरकडे गेला. "माझं नाव आजाऱ्यांच्या यादीतून काढा."

"बरा झालास?"

"मी आजारी पडलोच न्हाय, फादर."

फादर भला माणूस. पेशंटला आजार कबूल करायची लाज वाटते, असं समजून त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

पुढच्या रविवारी पोरं परतली होती. लुईझाच्या हातात रोझरी होती. फादर म्हणाले, "आपला वॉल्टर देवदयेने बरा झाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात रॉनीने.

वॉल्टर उभा राहिला.

"मी ठणठणीत होतो. मला जायचं नव्हतं. पॅलेस्टाइनच्या लोकांनी येऊ नका म्हटलं होतं, म्हणून."

"बस, वॉल्टर," लुईझाने बाही ओढली.

"आम्ही पत्र लिहिलं होतं," वॉल्टर म्हणाला, आणि त्याच्यावर कोणी कोणी सही केली होती ती नावं तो एकेक करून घ्यायला लागला. पहिलं रॉनीचं.