विहिरीत टाकलेलं पत्र

जुन्या मालिकांच्या चाहत्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटात मला जाणकार समजत. गटाचा थाट मोठा. एकेका संवादावर दोन-दोन पानं लिहिणारी शहरातली माणसं. मी राळेगाव तालुक्यातल्या खेड्यातून लिहायचो, पण वाद सहसा हरत नसे.

आमच्या लहानपणी गाजलेल्या एका मालिकेची यंदा नवी आवृत्ती आली. पहिल्याच भागात नायिका आईच्या पेटीतून एक फोडलेलं पत्र काढते. जुन्या मालिकेला केलेला हा नमस्कार पाहून गट गहिवरला. मी लिहिलं, ‘नमस्कार चुकीचा आहे. जुन्या मालिकेत आई ते पत्र न फोडताच विहिरीत टाकते आणि एसटीत बसते. मी चुकलो तर गट सोडेन.’

दुसऱ्या दिवशी कुणीतरी जुना शेवटचा भाग टाकला. त्यात आई पत्र फोडते, वाचते, रडते. विहीर नाही आणि एसटीही नाही.

मग आठवलं. तो भाग मी पाहिलाच नव्हता. गावातला एकुलता एक टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाले, आणि त्या रविवारी सुरुवातीची नावं येताच बॅटरी उतरली. शेवट सांगितला तो काकूनं, दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना. आदल्या दिवशी ती दिग्रसला माहेरी होती. तिच्या सांगण्यात पत्र विहिरीत पडलं तेव्हा वेचणाऱ्या बायकांचे हात थांबले होते.

काकूकडे गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

“काकू, दिग्रसले तू तो भाग पाह्यला होता ना?”

“कुठचा पाह्यते बाप्पा. तिथंही लाईन गेलती.”

“मंग आम्हाले सांगितलं काहून?”

“तुम्ही सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. काहीच नाही म्हणू?”

“पण पत्र विहिरीत कायले टाकलं?”

“आत काय लिवलं हाय, मले कुठं मालूम होतं? उघडू कशी?”

इतकं सरळ उत्तर आमच्या गटात कधी कुणी दिलं नव्हतं. तिथंच बसून मी सगळा प्रकार गटाला कळवला, शेवट आमचाच बरा असंही लिहिलं, आणि बोललो होतो तसा गट सोडला.

“मंग होतं काय त्या पत्रात?” काकूनं विचारलं.

मी मोबाईलवर तो भाग लावला. हातातली शेंग तशीच धरून तिनं शेवटपर्यंत पाहिलं.

“एवढंच?” ती म्हणाली आणि शेंग सोलली. “बरं केलं, विहिरीत टाकलं.”